कोष्टीपेठेची पेज बंद जाहली, त्याची बखर

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥ जिच्या हातच्या पळीवर त्रैलोक्याची भूक टांगली आहे तिला आधी नमस्कार, मग ज्यांच्यापर्यंत ती पळी पोचली नाही त्यांना नमस्कार, आणि मग लिहिण्यास आरंभ. शके सतराशे अठ्ठावीस, क्षय नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही. लिहिले असते तर बाकीची राज्ये म्हणाली असती की हे आमचे नव्हे, आणि तसे म्हणण्यास त्यांना आधार मिळाला असता. चुकले असेल ते जाणत्यांनी सावरून घ्यावे.

त्या राज्याचे धनी जे श्रीमंत, त्यांच्या आजी थोरल्या आईसाहेब यांनी पूर्वी एक धर्म लावून दिला होता. दुष्काळाचे साल होते आणि आईसाहेबांची पालखी बाजारातून जात असता एक पोर बैलापुढली पेंड उचलून खाताना त्यांनी पाहिले, आणि पालखी तेथेच थांबविली, आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि दुसरे दिवशी हुकूम जाहला की शहराच्या प्रत्येक पेठेत एक पेजघर असावे, आणि सकाळी पेठेतल्या प्रत्येक लेकराला ओगराळेभर पेज, वर दूध आणि गुळाचा खडा मिळावा, आणि पोर कोणाचे हे विचारू नये. त्याप्रमाणे बहुत वर्षे चालले. कोष्टीपेठेतले पेजघर म्हाळसाबाई नावाची बाई सांभाळीत असे. तिचा नवरा मागाच्या खड्ड्यात बसल्या जागी वारला होता आणि पोटी मूल नव्हते, आणि सारी पेठ तिला म्हाळसाकाकू म्हणे. बाई कामास चोख पण स्वभावाने फार काळजीखोर. चूल पेटली तरी विझेल म्हणून काळजी करी आणि विझविली तरी निखारा राहिला असेल म्हणून परत जाऊन पाही. पेठेचे दिवस तेव्हा वाईट होते. बाहेरचे स्वस्त कापड बाजारात आले होते, मागांपैकी बरेच बंद पडले होते, आणि गडीमाणसे दूरच्या लष्करी बाजारांत हमालीस गेली होती. गिरजा नावाच्या कोष्टिणीचा नवरा असाच गेला आणि मग त्याचा निरोप येणेही थांबले. गिरजा एकटीच माग चालवी आणि तिची चार वर्षांची मुलगी ठकी सकाळी सर्वांच्या आधी पेजघराच्या पायरीवर येऊन बसे. ठकी बोलायची कमी. पेज पिऊन झाली की वाडगा चाटून लख्ख करी आणि म्हाळसाबाईच्या हातात देऊन म्हणे, "धुवायला नको."

मग काय जाहले की श्रीमंतांनी नवा नगारखाना बांधविला, आणि त्यास शोभतील असे नगारे आणविले, आणि नगारे वाजवावयास निमित्त पाहिजे म्हणून दोन मोहिमा काढिल्या, आणि खजिन्याचा तळ दिसू लागला. तेव्हा दिवाणांनी सदर भरविली. एक सरदार म्हणाले हत्ती कमी करावे, तर हत्तीखान्याचे मानकरी रुसले. दुसरे म्हणाले शोभेचे दारूकाम कमी करावे, तर दारूकामवाले रुसले. प्रत्येक खर्चाची बाजू घेणारा कोणी ना कोणी सदरेत बसलेला होता आणि पेज पिणारा मात्र सदरेत कोणी नव्हता. मग दिवाण उठून बोलिले की पेजेमुळे आईबापांची माया पातळ होते, पोरे आयत्यावर बसावयास शिकतात, आणि लहानपणी थोडी भूक सोसली म्हणजे मोठेपणी माणूस काटक निघतो. श्रीमंत विडा घेत होते, त्यांनी मान हलविली. ती होकाराची होती की विड्यात चुना जास्त जाहला म्हणून होती याचा निर्णय लागला नाही, पण दिवाणांनी होकार धरिला. मग आधी दूध बंद जाहले, मग गूळ बंद जाहला, मग हुकूम आला की पाच वर्षांवरील पोरे आता मोठी जाहली, त्यांस देऊ नये, आणि मग हुकूम आला की एका घरातले तिसरे लेकरू हा आईबापांच्या हौसेचा मामला आहे, त्यास देऊ नये. या प्रत्येक हुकमाचे नाव सुधारणा असे होते. म्हाळसाबाई येईल तेवढ्या धान्यात पाणी वाढवी आणि नको म्हटलेल्या पोरांनाही मागल्या दाराने वाटी देई, आणि पेज इतकी पातळ जाहली की पोरे पिण्याआधी तीत आपली तोंडे पाहू लागली. बाईस वाटे की आता याहून पुढे सरकार जाणार नाही. आणि दर वेळी तिला तसे वाटले.

ज्येष्ठ मास लागण्याच्या सुमारास आज्ञा जाहली की पाहणीदार अवधूतराव यांनी पेठोपेठ जावे, पोरे खरोखर उपाशी दिसतील तेथे पेजघर चालू ठेवावे आणि सुखवस्तू दिसतील तेथे बंद करावे. दवंडीवाल्याने कोष्टीपेठेच्या चौकात इतकेच सांगितले की सरकारचे पाहणीदार पोरे पाहावयास येणार, पेठेने सज्ज असावे. पुढचे त्यास कोणी सांगितलेच नव्हते, किंवा तो विसरला, याविषयी दोन मते आहेत. म्हाळसाबाईने ते ऐकिले. तिचे मनात आले की पाहणीदार येतो तो दोष काढावयास येतो. मागे कुंभारवाड्यात एका कारकुनाला पातेल्यावर काजळी दिसली आणि तेथील बाईस काढून टाकिले हे तिने ऐकिले होते. तेव्हा तिने असा विचार बांधिला की पेजघर लखलखीत दिसले आणि पोरे अंगाने भरलेली दिसली म्हणजे सरकार म्हणेल, बाई इमानी आहे, धान्य चोरीत नाही, पेज पोरांच्या अंगी लागते, असले पेजघर मोडू नये. विचारात खोट नव्हती. पण ज्या सदरेसाठी तो बांधिला ती सदर निराळ्या रीतीने विचार करीत होती, आणि हे तिला कोठून ठाऊक असावे? शिवाय पेठेची एक जुनी चाल होती. सरकारचा माणूस आला म्हणजे कोष्ट्यांनी मागावरून उतरलेले कोरे वस्त्र अंगावर घालून सामोरे जावे. आपले काम हेच आपले तोंड, ते मळके दाखवू नये. घरचे नेसू विरलेले असले तरी त्या दिवशी सावकाराकडे जावयाचा शेला, लुगडे, उपरणे जे तयार असेल ते अंगावर येई, आणि पाहुणा गेला की घडीवर घडी बसवून परत ठेवीत. आणि पाहुण्याने जेवलात का विचारिले तर जेवलो म्हणावे, ही तर साऱ्या मुलखाचीच चाल.

म्हाळसाबाई घरोघर हिंडून बायकांना सांगू लागली की पोरांना न्हाऊ घाला, तेल लावा, नव्या कापडात उभी करा. पेठेचे मुखिया दादाजी म्हेत्रे यांस ते फार पसंत पडले आणि त्यांनी सांगितले की कोष्ट्याचे पोर उघडे दिसले तर मग माग चालवावयाचे कशाला. एकटी गिरजा तेवढी आडवी आली. ती तोंडाने फटकळ होती. ती ताण्याची तुटलेली सुते सांधता सांधता म्हणाली, "काकू, ठकीला कालपासून तुमच्या पेजेच्या पाण्याशिवाय काही मिळालं नाही. तिला जरीकाठी शेल्यात गुंडाळून उभी करू? तो म्हणेल, हिला पेज कशाला, हिला पालखी द्या."

"तोंड आवर गं. उपाशी पोरं दाखवली तर म्हणेल, म्हाळसा धान्य विकून खाते. मग मीही जाईन आणि चूलही जाईल."

"आणि पोसलेली दाखवली तर?"

"तर चूल राहील. ऐक माझं."

गिरजेने ऐकिले. इतके दिवस तिची ठकी म्हाळसाबाईच्या ओगराळ्यावर जगली होती आणि त्या ओगराळ्याशी वाद घालणे तिला जड गेले. मग पेठेने उसनेपासने करून धान्य जमविले, आणि पाहणीच्या सकाळी म्हाळसाबाईने पूर्वीसारखी घट्ट पेज केली, आणि पोरांना दोनदोनदा प्यावयास घातली, आणि शिकविले की विचारिले तर पोट भरलंय म्हणायचं. अवधूतराव तट्टावर बसून आले. मनुष्य सौम्य, थोडा दमेकरी. रोज नवी पेठ आणि रोज काही वाईट पाहावे लागेल या धास्तीने त्यांची झोप गेली होती. येथे पाहतात तो चुन्याने रंगविलेले पेजघर, सोन्यासारखी पातेली, आणि ओळीने उभी पोरे, कोणाच्या अंगावर हिरवे रेशीमकाठी उपरणे, कोणास नारायणपेठी लुगड्याचा कासोटा घातलेला, आणि केसांवर तेल चमकते आहे. त्यांचा जीव खाली पडला. त्यांनी एकेका पोरास विचारिले आणि प्रत्येक पोराने पोट भरलंय म्हणून सांगितले. ठकी सर्वांत लहान, शेला तिला पुरून उरला होता आणि मागे फरफटत होता. अवधूतराव तिच्यासमोर वाकून म्हणाले, "बाळ, भूक लागली आहे का?" ठकीने म्हाळसाबाईकडे पाहिले. म्हाळसाबाईने नाही म्हणून मान हळूच हलविली. तशी ठकीनेही हलविली, आणि मग पाहुण्यास बरे वाटावे म्हणून आपणहून म्हणाली, "तुम्ही जेवलात?" अवधूतरावांचे डोळे पाणावले. त्यांनी उभ्याउभ्या वाटीभर पेज घेतली आणि म्हणाले, बाई, बहुत पेठा पाहिल्या, अशी पाहिली नाही, जे पाहिले ते जसेच्या तसे सदरेत सांगेन. म्हाळसाबाईने दोन्ही हात कपाळाला लाविले. ते गेल्यावर बायकांनी पोरांच्या अंगावरून कापडे उतरविली आणि घड्या घातल्या, आणि ठकीच्या शेल्यावर तेलाचा पंजा उमटला होता म्हणून पुढे सावकाराने तो घेतला नाही.

मग आज्ञा आली. ती अशी की, कोष्टीपेठेतील लेकरे रेशीमकाठी वस्त्रे नेसतात, पोट भरल्याचे आपल्या तोंडाने सांगतात, आणि सरकारी माणसास जेवलात का म्हणून उलट विचारतात, सबब पेठ सुखवस्तू आहे, पेजघर आजपासून बंद, भांडी कोठीत जमा करावी. दिवाणांनी सदरेत सांगितले की एका पेठेतील गरिबी समूळ गेली, आणि त्या आनंदाचे नगारे वाजले, ते कोष्टीपेठेतही ऐकू आले, आणि तेथील लोकांस वाटले की आणखी एक मोहीम फत्ते जाहली. शिपायांनी पातेली नेली. म्हाळसाबाई थंड चुलीपाशी बसून राहिली. बायका एकेक करून येऊन दारात उभ्या राहिल्या आणि चुलीतल्या राखेकडे पाहू लागल्या, ते तिला शिव्यांहून कठीण गेले. शेवटी गिरजा म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं की. चूल राहिली. नुसती पातेलीच नेली."

पुढे पेठेत जे होऊ लागले ते लिहिताना लेखणी अडते, तरी लिहितो. कोणी पोर नात्यात धाडिले आणि कोणी सावकाराच्या गुरांमागे लाविले. कोणी ऊन चढेपर्यंत पोरांना उठूच देत नसे, कारण निजलेले पोर मागत नाही. एका आईने रिकाम्या भांड्यात पाणी उकळत ठेविले आणि आता होईल, आता होईल म्हणत पोरांना दुपार काढावयास लाविले, आणि ही युक्ती एकदाच चालली. म्हाळसाबाई आपल्या घरचे होते ते वाटून मोकळी जाहली, मग व्यापाऱ्यांच्या पेठेत जाऊन ओटी पसरू लागली, पण तेथील लोकांनीही नगारे ऐकिले होते. ते म्हणत, बाई, तुमच्या पेठेत तर पोरे रेशीम नेसतात. ती परत येई, आणि तिला अन्न गोड लागेना, जे काही थोडे होते तेही. आणि याहून मोठी एक भीती तिच्या डोक्यात बसली. कोष्ट्यांचे काम असे की ताणा, म्हणजे कापडाचे उभे सूत, मागावर चढविण्यापूर्वी गल्लीत दोन्ही टोकांस ताणून बांधावा आणि त्यास खळ पाजावी, म्हणजे सूत तुटत नाही. खळ म्हणजे पिठाची कांजी. पावसाळ्यात सुतास बुरशी येऊ नये म्हणून तीत मोरचूद घालितात, आणि मोरचूद हे विष. पूर्वी पोरे खळीकडे पाहातही नसत. आता ती ताण्याभोवती घुटमळू लागली आणि आईची पाठ वळली की बोटे बुडवू लागली. बायकांनी खळीची मडकी आढ्याला टांगिली, पण गल्लीत पसरलेला ओला ताणा टांगता येत नाही. म्हाळसाबाईने म्हेत्र्यांच्या हातापाया पडून सांगितले की या साली मोरचूद घालू नका. म्हेत्रे म्हणाले, बुरशीचे कापड सावकार घेणार नाही, मग आज निम्मी उपाशी आहेत ती उद्या सगळी राहतील. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. मग ती दिवसभर गल्लीतून फेऱ्या मारी, या टोकाची पोरे हाकली की त्या टोकाकडे धावे, आणि धावताना मागे काय होत असेल याची तिला धास्ती असे.

एके दिवशी दुपारी ती दोन पोरांना एका ताण्यापासून ओढून काढीत होती तो तिची नजर गेली, आणि गिरजेच्या ताण्यापाशी ठकी उभी होती, दोन्ही हात मागे बांधून, कारण हात लावू नको म्हणून तिला सांगितले होते. हात तिने लाविला नव्हता. वासरू कासेला लागते तशी ती तोंडाने ओले सूत चोखीत होती. म्हाळसाबाई धावली, पोरीला उचलिले, ओठ निळे-हिरवे जाहले होते. तिने मीठपाणी पाजून ओकविले, गिरजा मागावरून उठून आली, वैद्यास बोलाविले, आणि वैद्य म्हणाले की विष फार गेले नाही, पण पोटात दुसरे काही नसल्यामुळे अधिक भिनले. दोन दिवस पोर आशेनिराशेत होते. तिसरे दिवशी ठकीने डोळे उघडिले आणि आईस पाहून हळूच म्हणाली की मी हात नाही लावला. गिरजा भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा म्हाळसाबाई म्हणाली, "मी सदरेत जाते. सांगते की आम्ही खोटं दाखवलं. पोरांना मी शिकवलं म्हणून सांगते."

गिरजा म्हणाली, "मी येते. हिलाही घेते."

आणखी काही बायका पोरे घेऊन निघाल्या. म्हेत्रे वेशीपाशी आडवे जाहले आणि म्हणाले की चिंध्यांतली पोरे दरबारात नेऊन पेठेची अब्रू चव्हाट्यावर मांडणार का, कोष्ट्यांनी सरकारास फसविले असे आपल्या तोंडाने सांगणार का. गिरजा थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "दादाजी, अब्रू झाकायला सावकाराचं कापड घेतलं होतं. डाग पडलेला एक शेला सोडला तर सगळं त्यानं परत नेलं. आता झाकायचं कशानं ते सांगा." म्हेत्रे जाग्यावर उभे राहिले, आणि मग नातवाचा हात धरून त्यांच्या मागे चालू लागले, वळवून आणण्यासाठी असे ते म्हणत होते.

दरबार भरला होता. श्रीमंत गादीवर होते, दिवाण उजवीकडे, आणि अवधूतराव खांबाशी उभे होते. म्हाळसाबाई पुढे जाहली. तिने घडले ते सर्व सांगितले, कापड कोणाचे होते, पेज त्या दिवसापुरती घट्ट कशी केली, पोरांना काय शिकविले. दिवाणांनी विचारिले, "तेव्हा खोटे बोललीस की आता बोलतेस?"

"तेव्हा, सरकार."

"हेतू काय होता?"

"पेज चालू राहावी, हाच."

पेज चालू राहावी म्हणून पोरे पोसलेली दाखविली, हे ऐकून सरदार मंडळीस हसू आवरेना. दिवाण मात्र हसले नाहीत, त्यांना निराळीच काळजी पडली. ते म्हणाले की कोष्टीपेठेची पाहणी चुकली असे धरिले तर बाकीच्या पेठांचीही चुकली असेल, आणि मग जी गरिबी सरकारने मोठ्या कष्टाने घालविली ती एका दिवसात परत येईल, आणि गेलेली गरिबी परत आणण्याचा मला अधिकार नाही. श्रीमंतांची नजर ठकीवर गेली आणि त्यांनी विचारिले की या मुलीच्या ओठांस काय जाहले. दिवाण म्हणाले, कोष्टी आहेत, रंग लागला असेल. म्हाळसाबाईने खळीचे सांगावयास तोंड उघडिले तो श्रीमंतांनी मान वळविली होती. मग दिवाणांनी निकाल दिला की पेजघर बंदच राहील, आणि या बाईने सरकारी पाहणीस फसविल्याचे आपल्या तोंडाने कबूल केले आहे, सबब तिला दसऱ्यापर्यंत बंदीखाना, आणि अवधूतरावांनी बंदीचा नियम सांगावा. नियम जुना होता, आणि सांगताना त्याचे पहिले वाक्य तेवढे म्हणावयाची चाल होती. अवधूतराव पुढे आले, त्यांनी पहिले वाक्य म्हटले, आणि धाप लागली म्हणून थांबले, आणि मग कोणाकडेही न पाहता पुढचेही म्हणाले, "आणि बंदिनीचे लेकरू लहान असेल तर ते तिजपासून तोडू नये. त्यास दोन्ही वेळ भाकरी आणि डाळ सरकारातून मिळावी."

गिरजेने ठकीस कडेवर घेतले. मग गिरजा पुढे जाहली आणि म्हणाली, "सरकार, काकू एकट्या नव्हत्या. हिला शेला मी नेसवला. मीही फसवलं." तिच्या मागची म्हणाली, माझ्या दोघांना पोट भरलंय म्हणायला मीच शिकवलं. तिच्या मागची म्हणाली, आमच्या घरी तर सासूही सामील होती. दिवाण एकीस गप्प करीत तो दुसरी कबूल होई. म्हेत्रे नातवाला पुढे करून म्हणाले की मुखिया मी, सर्वांत मोठी लबाडी माझी. तेव्हा दिवाण संतापून म्हणाले की नियम बंदिनीचा आहे, पुरुषास लागू नाही. म्हेत्र्यांनी हात जोडून विचारिले, "मग माझी सून घरी आहे, तिला बोलावून आणू का?" संध्याकाळपर्यंत पेठेतल्या बहुतेक आया पोरे काखोटीस मारून आपला गुन्हा सांगावयास आल्या होत्या. दिवाणांस कबूल केलेला गुन्हा माफ करिता येईना, कारण माफ केला तर पाहणी चुकली असे होई. सर्वांस बंदीखान्यात घातले.

बंदीखान्याचा दारोगा सिदोजी म्हणून जुना माणूस होता. इतक्या बायका आणि पोरे पाहून त्याने कपाळास हात लाविला आणि चूल म्हाळसाबाईच्या हवाली केली. मग सकाळी भाकरी आणि डाळ, संध्याकाळी भाकरी आणि डाळ, असे होऊ लागले. पोरे आधी ताटापाशी भांडली, मग भांडेनाशी जाहली, आणि काही दिवसांनी तर एका पोराने करपलेली भाकरी नको म्हणून सरकविली, तेव्हा त्याच्या आईस रडू आले. ठकीच्या ओठांवरचा रंग गेला. पण म्हाळसाबाईचे मन स्वस्थ बसेना. इतर बंदी सुटकेचा दिवस जवळ यावा म्हणून देवास विनवितात, या बायकांत कोणी दसऱ्याचे नाव काढिले तर बाकीच्या विषय बदलीत. शिवाय दिवाणांस तो नियम मोडण्याचे सुचेल ही धास्ती होतीच. दारोगा दारात खाकरला तरी म्हाळसाबाईस वाटे की हुकूम आला.

आणि श्रावणात हुकूम आला. श्रीमंतांस पुत्र जाहला होता. तोफा सुटल्या, हत्तीवरून साखर वाटली, आणि राजपुत्र जन्मला म्हणजे बंदी सोडावयाचे अशी त्या राज्याची रीत होती, त्याप्रमाणे श्रीमंतांनी दया करून सर्वांस तात्काळ मोकळे करावे असे फर्माविले. दिवाणांस फार संतोष जाहला. सिदोजी हुकूम घेऊन आत आला तेव्हा चुलीवर डाळ रटरटत होती आणि पोरे रिकामी ताटे घेऊन बसली होती. त्याने सांगितले. कोणीही बाई जागची हलली नाही. गिरजेने विचारिले, "मुलगा चांगला आहे ना?" सिदोजी म्हणाला, चांगला आहे. ती म्हणाली, "देव त्याला पोटभर देवो," आणि तो आशीर्वाद होता की आणखी काही हे कोणास कळले नाही.

म्हाळसाबाई ओगराळे हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सिदोजीबाबा, डाळ शिजत आली आहे. एवढी पोरांच्या ताटात पडू द्या. मग सोडा."

"बाई, हुकूम तात्काळचा आहे. बाहेर शिपाई उभे आहेत."

बाहेरून शिपायांनी दार वाजविले. सिदोजीने एकवार पोरांकडे पाहिले, आणि कमरेला हात लाविला, तेथे किल्ल्यांचा जुडगा सर्वांना दिसेल असा लोंबत होता. मग तो दाराशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "थांबा रे. किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही. म्हातारा झालो." आणि पायरीवर बसून आपले पागोटे सोडून त्याच्या घड्या एकेक करून तपासू लागला. म्हाळसाबाई वाढू लागली. घाईने डाळ ताटाबाहेर सांडत होती, आणि पोरे सांडलेली बोटांनी टिपीत होती. ठकीस तिने दोनदा वाढिले. बाहेरचे शिपाई हाका मारीत होते, आणि सिदोजी शोधतो आहे, शोधतो आहे म्हणून ओ देत होता. शेवटचे ताट रिकामे जाहले तेव्हा त्यास किल्ली सापडली.

येणेप्रमाणे कोष्टीपेठेची पेज बंद जाहली आणि तेथील लोक सरकारच्या दयेने बंदीतून सुटून आपापल्या घरी गेले. राज्यात पुढे पोरांची उपासमार आढळली नाही, कारण पुढे पाहणी जाहली नाही. अवधूतरावांनी दम्याचे कारण सांगून नोकरी सोडिली. राजपुत्र सुखरूप आहेत. ठकी त्या दिवशी आईच्या कडेवर बसून, पोट भरलेले, बंदीखान्याच्या बाहेर पडली इतके ऐकिले आहे. दुसरे दिवसाचे वर्तमान बहुत ठिकाणी विचारिले, कोणी सांगितले नाही.